रेघेखालची वीज

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच दुकान आहे. अकोल्याच्या जुन्या बाजारातलं, सहा फूट रुंद आणि चौदा फूट खोल. उजेड फक्त दोन ठिकाणी. डाव्या टेबलावरच्या दिव्याखाली अब्दुल सत्तार घड्याळजी, वय सत्तरीच्या पलीकडे, उजव्या डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी सासऱ्याचं मनगटी घड्याळ उघडून बसलेले. उजव्या टेबलावरच्या दिव्याखाली त्यांचा मुलगा मोईज, वय अडतीस, पत्त्याच्या पानाएवढ्या हिरव्या बोर्डावर वाकलेला. मागच्या भिंतीवर एकवीस घड्याळं टांगलेली आणि एकवीसही वेगळी वेळ दाखवणारी. बाहेर एप्रिलातलं ऊन असं, की समोरच्या रसवंतीवाल्यानंही ताडपत्री खाली ओढून घेतली आहे. साल दोन हजार पंधरा.

अशा या दुकानात, जिथं कुठल्याच घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, मोईज अचूक वेळेच्या मागे लागला होता.

अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो बापाच्या शेजारी बसला, त्याला सोळा वर्षं झाली होती. दिवसा मोबाइल आणि सेट टॉप बॉक्स दुरुस्त करायचा. उरलेल्या वेळात तो उपग्रहांचं ऐकायचा. आकाशात फिरणारे उपग्रह अखंड वेळ सांगत असतात, आणि ती ऐकून दर सेकंदाच्या टोकावर एक ठोका देणारा रिसीव्हर बनवता येतो. त्या ठोक्यात चूक किती असावी? सेकंदाचे एक कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एखाद्या तुकड्याएवढी. बाजारात असे रिसीव्हर मिळत, पण ते महाग असत आणि त्यांची पोटं कायम बंद. मोईजनं आपला स्वतःचा आखला. दोन वर्षांत सात वेळा आखला. आणि प्रत्येक वेळी त्याचे सगळे नकाशे, सुट्या भागांच्या यादीसकट, इंटरनेटवर कुणीही उचलावेत म्हणून ठेवून दिले. ब्राझीलमधल्या कुणी एकानं ते उचलले, बोर्ड बनवला आणि एक तार चुकीच्या जागेवरून जाते म्हणून कळवलं. त्या दिवशी मोईजनं शेजारच्या तिन्ही दुकानांत चहा पाठवला होता.

बापलेकांचं बोलणं घरच्या उर्दूत चाले. सांगताना मात्र ते वऱ्हाडीतच तोंडात येतं.

“एवढं डोकं घालून केलं, अन् फुकट वाटून राहिला,” सत्तारमियाँ भिंग न काढता म्हणायचे.

“अब्बा, तुमी पन्नास वर्षं बसले इथं. वेळ विकली काय कधी?”

“दुरुस्ती विकली ना पन.”

“तेच तं. दुरुस्ती म्याही विकतो.”

सत्तारमियाँ हसत नसत. पण मग घड्याळ हलकेच कानाला लावत, म्हणजे त्यांना पटलं आहे असं समजायचं.

तर त्या एप्रिलच्या दुपारी दुकानात प्रवेश झाला सुभद्राबाईचा. बारशीटाकळीच्या पुढे एका लहान गावची बाई, पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर ओला दुपट्टा. पिकातलं तण काढणाऱ्या, निंदणाच्या सोळा बायांच्या टोळीची ती म्होरकी होती. कोणाच्या वावरात कधी जायचं, दिवसाचा रोज किती घ्यायचा, हे तीच ठरवायची.

“मोईजभाऊ, हा मोबाइल बोलते पन ऐकत नाई,” ती म्हणाली. “माह्या जावयासारखा.”

मोईजनं फोन उघडला. ती स्टुलावर टेकली आणि हिरव्या बोर्डाकडे बघत राहिली. हे काय, याचा उपेग काय, असं तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून मोईजनं सविस्तर सांगितलं. वीज पडली की रेडिओत खरखर होते. ती खरखर चार गावांतल्या चार डब्यांनी ऐकली आणि प्रत्येकानं ती नेमकी कधी ऐकली ते लिहून ठेवलं, तर त्या वेळांच्या फरकावरून वीज कुठं पडली ते काढता येतं. मात्र चौघांच्या घड्याळांत काडीचाही फरक नको. ती खरखर एवढी पळते, की सेकंदाच्या लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा तीन किलोमीटर सरकते.

“पडल्यावर समजून काय करू?” सुभद्राबाई म्हणाली. “पडायच्या आंधी सांगत असशील तं बोल.”

“ढग चालत येते ना, बाई. पयली वीज तिकडं लांब पडते, दुसरी जरा अल्याड. दहा किलोमीटरवर आली, इकडंच येऊन राहिली, एवढं तं सांगू शकतो.”

सुभद्राबाईची मोठी जाऊ मागच्या वर्षी बाभळीखाली वीज पडून गेली होती. पाऊस आला म्हणून झाडाखाली उभी राहिली आणि तिथंच राहिली. त्यानंतर टोळीनं ठरवलं, ढग आला की वावराबाहेर पडायचं. पण वऱ्हाडातली ती वर्षं वाईट होती. कपाशीनं दोनदा दगा दिला, सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत. ज्याचं वावर तोच मेटाकुटीला आलेला. शालिकरामसारखा चांगला माणूसही, ज्याच्याकडं टोळी वर्षानुवर्षं जायची, म्हणाला होता, “ढगाले भ्यायचं असन तं घरीच बसा. मले निंदन पायजे.” आणि दोनदा त्यानं दुसऱ्या गावची टोळी आणलीही.

“म्हनजे आमाले ढग नाई पायजे,” सुभद्राबाई सावकाश म्हणाली. “आमाले वीज पायजे. खरी कोनती, खोटी कोनती, एवढं तू सांग. माह्या घरी डबा ठेव.”

अशी ही मागणी होती. मोईजला आयुष्यात असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. सात वेळा आखलेल्या बोर्डाला त्या दिवशी नाटकात भूमिका मिळाली.

पहिला डबा त्यानं दुकानाच्या गच्चीवर ठेवला. दुसरा बाळापूरला, बहीण अनीसाच्या घरावर. तिसरा अमरावतीला, कॉलेजात सोबत असलेल्या किशोरच्या गच्चीवर. आणि चौथा सुभद्राबाईकडे. नकाशा मांडला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की बाळापूर, अकोला आणि अमरावती ही तिन्ही जवळजवळ एका रेघेत येतात. रेघेवरच्या तिघांना वीज किती लांब हे कळतं, पण ती रेघेच्या वर पडली की खाली, उत्तरेला अकोटकडं की दक्षिणेला बारशीटाकळीकडं, हे त्यांना सांगता येत नाही. ते सांगणारा एकटा चौथाच, रेघेखालचा.

चौथा डबा बसवायला तो गेला तेव्हा टोळी गावालगतच्या वावरात कपाशीची वाळलेली पराटी उपटत होती. सुभद्राबाईनं त्याची ओळख करून दिली. टोळीतली सर्वांत वयस्क माणिकबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“वीज मोजते म्हनतं हा?”

“हो मावशी.”

“मंग माह्या सुनेची जीभ मोजून पाय बाप्पा एकडाव. इजेच्या फुडं हाय.”

सगळ्या बाया हसल्या. सून तिथंच चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, पलीकडं होती. तीही हसली.

घरी दिवसभर फक्त सुभद्राबाईचे सासरे महादेवराव असत. गुडघ्यांनी बसवलेला म्हातारा, पण नजर शाबूत. मोईजनं टिनाच्या छपरावर, कडेला, उपड्या वाटीसारखा पांढरा अँटेना चिकटपट्टीनं बसवला. डबा आत भिंतीला लावला. डब्यावर एक छोटा दिवा होता, उपग्रह दिसत असले की हिरवा, नसले की लाल.

“बाबाजी, एवढं जपा,” मोईज म्हणाला. “महाग वस्तू हाय, अन् दुसरी नाई माह्यापाशी.”

“तू नोको घोर करू,” महादेवराव म्हणाले. “लोकाची वस्तू आपल्या घरी जास्त जपाव लागते.”

मे महिन्यात वळवाच्या ढगांवर तालमी सुरू झाल्या. विजा पडत, चार डबे वेळ कळवत, मोईजचा संगणक नकाशावर टिंब देई. आणि चौथ्या डब्यानं रडवायला सुरुवात केली. कधी तो सुरात असे. कधी, ढग तासभर रेंगाळला, की त्याची वेळ हळूहळू घसरत जाई. दुसऱ्या दिवशी मोईज बसनं गावी जाई. आभाळ निरभ्र, अँटेना जागच्या जागी, दिवा हिरवा, ठोका चोख. महादेवराव स्वतःच चहा ठेवत आणि विचारत, “बरा हाय ना तुहा डबा?”

टिनाखालची उष्णता असेल, असं मोईजला वाटलं. बोर्डावर एक स्फटिक असतो. उपग्रह दिसेनासे झाले तर तोच अंदाजानं वेळ चालवत राहतो. तो उन्हानं बहकत असावा. मोईजनं बोर्डाला थर्माकोलचं घर केलं. मग आठव्यांदा बोर्ड आखला. इंटरनेटवर त्यानं लिहून टाकलं, माझ्या आखणीत उष्णतेचा दोष आहे, कृपया कुणी वापरू नये. ब्राझीलवाल्यानं कळवलं, माझा बोर्ड भट्टीशेजारी आहे आणि ठीक चालतो. तेवढ्यानं मोईजची झोप आणखी उडाली.

जूनच्या शेवटी पहिला खरा प्रयोग झाला. ढग अचानक उठला, तीन विजा दक्षिणेकडून झपाट्यानं जवळ आल्या, आणि पाच मिनिटांत मोईजनं फोन केला. बाया वावराबाहेर पडल्या. दहा मिनिटांनी वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या कडुलिंबाची फांदी जळून खाली आली. शालिकरामनं ती स्वतः पाहिली आणि त्या दिवशीचा पूर्ण रोज दिला. आठवड्यानं मात्र उलटं झालं. मोईजच्या नकाशानं वीज बारशीटाकळीवर दाखवली, बाया उठल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिकडं कोरडं ऊन होतं.

“तुह्या मोईजभाऊले सांग,” शालिकराम सुभद्राबाईला म्हणाला, “असं आनखी एकदा झालं तं मी त्याचा फोन अन् तुही टोळी, दोनीबी बंद करतो.”

तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून मोईज सावध झाला. खात्री असल्याशिवाय फोन करायचा नाही.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातला गुरुवार. ढग दुपारी बारापासून गुरगुरत होते, पुढं सरकत नव्हते. मोईज दुकानात नकाशासमोर बसून होता. टिंबं पडत होती ती रेघेच्या वर, अकोटच्या अंगानं. एकामागून एक, सगळी वर. दोन वाजता त्यानं फोन उचलला आणि खाली ठेवला. सव्वातीनला परत उचलला. नकाशा म्हणत होता, वीज पस्तीस किलोमीटर लांब आहे. त्यानं ठेवला.

तीन वीसला शालिकरामच्या वावरात वीज पडली. माणिकबाई तासाच्या टोकाला होती. तिची सून चार तासं पलीकडं.

तिसऱ्या दिवशी मोईज गावी गेला. माणिकबाईच्या घरी बसून आला. मग सुभद्राबाईच्या ओसरीवर आला. ती खांबाला टेकून बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि विचारलं.

“फोन काहून नाई केला?”

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, तोच आतून महादेवराव काठी टेकत आले. दुःखाच्या घरात दुसऱ्याला धीर द्यावा म्हणून म्हणाले, “तुह्या डब्याले मात्र काई होऊ नाई देलं म्या, बाप्पा. आभाळ गरजलं का आमी चमकते ते सारं झाकतो. आरसा, पितळी गुंड, इळे. इजेची नजर जाते. तुहा तो पांढरा वाटा तं छपरावर किती चमकते. गडगडलं का लगेच काठीनं काढतो अन् कनगीत जवारीखाली ठेवतो. आभाळ मोकळं झालं का परत वरतं. त्या दिवशी तं बाराचा काढला तो दिवे लागायच्या टायमाले ठेवला.”

मोईजनं उचललेला तांब्या खाली ठेवला.

मे महिन्यापासूनचा सगळा खेळ त्याला एका क्षणात दिसला. ज्या घडीला वीज येई, नेमक्या त्याच घडीला चौथ्या डब्याचे डोळे ज्वारीखाली असत. बोर्ड निर्दोष होता. आणि म्हातारा तर त्याहून निर्दोष होता. ज्यानं जपा म्हटलं तो मोईजच, आणि आभाळ दिसू द्या, हे सांगायचं राहिलं तेही त्याच्याकडूनच. जगभरच्या माणसांसाठी त्यानं चाळीस पानं सूचना लिहिल्या होत्या, इंग्रजीत. या ओसरीसाठी एक वाक्य नव्हतं.

सुभद्राबाई अजून त्याच्याकडं बघत होती. ती काही समजली नव्हती.

“यंत्र चुकलं, बाई,” मोईज म्हणाला. “माह्या यंत्रानं इकडची वीज तिकडं दाखवली.”

महादेवरावांनी मान हलवली. “यंत्रच ते. मानसाचं चुकते, त्याचं काय.”

दुकानात परतल्यावर त्यानं बापाला सगळं सांगितलं. सत्तारमियाँनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

“डब्याले समजत होतं ना, का आपले डोळे झाकले म्हनून?”

“हो. लाल दिवा लागते.”

“तो दिवा कोनी पाह्याचा? त्या म्हाताऱ्यानं?” त्यांनी समोरचं घड्याळ उचललं. “बंद पडलेलं घड्याळ मानूस घरी ठेवून येते. मागं पडलेलं घड्याळ हातात असते अन् बस निघून जाते. तुह्या डब्यानं अंदाज केला अन् तो अंदाज हाय हे सांगतलं नाई. हे तुहं.”

बापानं दोष दिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोईजला बरं वाटलं. निदान एवढा तरी दोष त्याच्या हातानं दुरुस्त होण्यासारखा होता. त्यानं नवव्यांदा आखणी केली. आता उपग्रह दिसेनासे झाले की डबा वेळ पाठवायचाच नाही, ‘माहीत नाही’ एवढंच पाठवायचा. नकाशे इंटरनेटवर गेले, सोबत काय घडलं ते दोन परिच्छेदांत, कुणाचंही नाव न घेता. ब्राझीलवाल्यानं त्याच दिवशी आपल्या बोर्डात तो बदल केला. बाळापूरला झाला, अमरावतीला झाला. चौथा बाकी होता.

तो घेऊन मोईज ऑगस्टात गेला, तेव्हा महादेवराव एकटेच होते. त्याच्या पिशवीत लोखंडी पट्टी आणि चार स्क्रू होते, अँटेना छपराला कायमचा बसवायला. त्यानं जमेल तेवढ्या मऊ शब्दांत सांगितलं, की ढगातच याला आभाळ दिसावं लागतं, आता आत घेऊ नका.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हनजे त्या दिवशी म्या आत ठेवला म्हनून का?”

“नाई बाबाजी. त्या दिवशी यंत्रातच खोट होती. ती काढली आता.”

“बरं. मले एक सांग. तो वाटा वर ठोकला, अन् घरावर वीज पडली तं?”

“त्याच्यानं नाई पडत. टिनच हाय सारं, त्यात ह्या एवढ्याशा वाट्याचं काय?”

“ग्यारंटी देतं काय?”

मोईज हे सहज म्हणू शकला असता. एक शब्द होता. पण ज्या माणसानं सेकंदाच्या कोट्यंशाची चूक मागची दोन वर्षं जगासमोर लिहून ठेवली, त्याला तो शब्द उच्चारता येईना. वीज कुठं पडणार नाही, हे त्याचं कुठलंच यंत्र सांगत नव्हतं.

“पाह्य,” महादेवराव म्हणाले. त्यात राग नव्हता.

पट्टी आणि स्क्रू पिशवीतच राहिले. नवा बोर्ड बसला, अँटेना पुन्हा चिकटपट्टीवर. निघताना फाटकापाशी वावरातून परत येणारी सुभद्राबाई भेटली. त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिनं काय ते ओळखलं.

“मामाजी आत घेतेत ना तो?”

मोईजनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“माह्या ध्यानात आलं होतं मागूनच. त्याईले मी नाई बोलली. दिवसभर टिनाखाली एकटा मानूस, धड पळताबी येत नाई. त्याले कसं म्हनू, भेऊ नोको म्हनून?” तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. “अन् तूही नाई बोलला. चांगलं केलं.”

गावात आणखी कुणाच्या छपरावर ठेवता येईल का, हे दोघांनी मिळून पाहिलं. सात घरं झाली. माणिकबाई गेल्यापासून छपरावर कुणी लोखंडी पाइपसुद्धा ठेवत नव्हतं. नत्थुजीनं तर दूरदर्शनची जुनी छत्रीही उतरवली होती.

ऑगस्टच्या अखेरीस एका सोमवारी, दुपारी दीडला, दुकानात फोन वाजला. सुभद्राबाई होती. मागं वाऱ्याचा आवाज.

“मोईजभाऊ, काळं झालं पुरं. गडगड चालू हाय. सोळाच्या पंधरा बाया हायेत वावरात, अन् शालिकरामभाऊ धुऱ्यावर उभे हायेत. ते म्हनतात, त्याले इचार, तो म्हनीन तं जा. सांग, काढू का?”

मोईजनं नकाशाकडं पाहिलं. बाळापूर, अकोला, अमरावती, तिन्ही जागे होते, तिन्ही अगदी सुरात. त्यांच्या हिशेबानं वीज दोनपैकी एका ठिकाणी होती. एक टिंब रेघेच्या वर, अकोटकडं. दुसरं तेवढ्याच अंतरावर रेघेच्या खाली, बारशीटाकळीच्या पुढं. चौथ्याच्या चौकटीत ‘माहीत नाही’ असं लिहून आलं होतं.

डाव्या टेबलावरचं भिंग वर झालं. सत्तारमियाँ मुलाकडं बघत होते. फोनमध्ये सुभद्राबाईच्या मागं शालिकराम काहीतरी विचारत होता.

मोईज म्हणाला, “मले दिसून नाई राहिलं, सुभद्राबाई. तुमी काढा बाया.”